तीन पायांची पेटी

ज्या घराच्या चार पिढ्या लोकांच्या पायांवर जगल्या, त्या घरात सलग दहा दिवस 'पाय' हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही, हे कुणाला सांगून पटायचं नाही. पण घडलं ते तसंच. दुकानात काका गिऱ्हाइकाला नुसतं "पुढे करा" म्हणत, आणि गिऱ्हाईक बिचारं हात पुढे करी. आत्याबाई जिन्याच्या पायरीला पायरी म्हणेनाशा झाल्या. "ते तिसरं लाकूड हलतंय, जपून उतर गं," असं सांगू लागल्या. एके सकाळी काकांना न्हाणीघरातून पायजमा मागायचा होता. "ताई, माझं खालचं दे," असं ते ओरडले आणि आत्याबाईंनी दाराच्या फटीतून त्यांना सतरंजी दिली. काका ती गुंडाळूनच बाहेर आले, पण शब्द काही उच्चारला नाही.

हे सगळं आपल्यासाठी चाललंय हे नातसुनेला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अग्निशमन केंद्रात फोन घ्यायचं काम ती अकरा वर्षं करत होती, म्हणून घरात तिचं नावच फोनवाली पडलं होतं. लोक काय बोलतात त्यापेक्षा काय टाळतात, यावर तिचा कान असे. "स्वयंपाकघरात जरासा धूर दिसतोय," असं शांतपणे सांगणाऱ्याचं छप्पर तोवर शेजारच्या अंगणात जाऊन पडलेलं असतं, हा तिचा अनुभव.

म्हणूनच सोनोग्राफीच्या खोलीत तिला सगळ्यांत आधी कळलं. डॉक्टरीणबाई मोठ्या गप्पिष्ट. पोटावर यंत्र फिरवता फिरवता त्या आपल्या मांजराची गोष्ट सांगत होत्या. ते मांजर म्हणे घाबरून कपाटावर चढलं, यांनी शिडी लावली, शेजारी बादली घेऊन आले, आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. वाक्य अर्धं, मांजर कपाटावर. फोनवालीने मनात आकडे मोजले. पस्तीसपर्यंत गेली. नवऱ्याने तिचा हात इतका दाबला की तिची अंगठी त्याच्या बोटावर उमटली.

मग डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. बाळाचं डावं पाऊल घोट्यापासून आत वळलंय. एवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही. जन्मल्यावर दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून ते हळूहळू सरळ करत आणायचं, टाचेपाशी एखादा बारीकसा छेद लागला तर द्यायचा, मग मधे पट्टी असलेले दोन बूट घालायचे, आधी दिवसरात्र आणि पुढे तीन-चार वर्षं झोपताना. बहुतेक मुलं पळतात. "पण एक गोष्ट दिसली, की दुसरी काही नाही ना, हे बघावं लागतं." मोठ्या दवाखान्यात हृदय पाहिलं, पाठीचा कणा पाहिला. ते ठीक निघालं. उरला होता एकच रिपोर्ट, आणि त्यासाठी डॉक्टरीणबाईंचा फोन आज पाचच्या आत यायचा होता.

नुसता पाय, की आणखी काही? दहा दिवस फोनवाली हे एकच वाक्य पोटातल्या बाळाबरोबर वागवत होती.

बातमी फक्त दोघांत ठेवायची असं ठरलं होतं. नवऱ्याने ती सबंध एक तास ठेवली. मग आत्याबाईंना सांगितली, कारण त्याला लहानाचं मोठं त्यांनी केलं होतं. आत्याबाईंनी "तुला म्हणून सांगते" म्हणत काकांना सांगितली. तिथे मात्र त्या दोघा बहीणभावांनी दार लावून शपथ घेतली. एक, आजोबांना कळू द्यायचं नाही. त्यांच्या छातीत गेल्या वर्षी यंत्र बसवलेलं. दोन, पोरीसमोर तो शब्द काढायचा नाही. पाळण्याबद्दलची एक म्हण तर काकांच्या ओठांवर दिवसातून दोनदा येई, ती ते पाण्याबरोबर गिळत.

आणि नेमका आज साचे टांगायचा दिवस.

आजोबांच्या कारखान्यात, म्हणजे घरामागच्या लांबट खोलीत, कामाच्या फळीवरती सगळी भिंत लाकडी पावलांनी भरलेली. जोडा ज्यावर चढवून शिवतात ते हे साचे, पण भिंतीवरचे शिवायचे नव्हते. घरात कुणाला पाचवा महिना लागला की घरातला वडीलधारा कारागीर येणाऱ्या बाळासाठी इवल्याशा पावलांची जोडी कोरतो, सगळ्यांसमोर पेटी उघडतो आणि जोडी खुंटीला टांगतो. आजोबांचे वडील असंच करत, त्यांचे वडीलही. काकांची जोडी तिथे होती, आत्याबाईंची होती, फोनवालीच्या नवऱ्याचीही होती. नवी खुंटी आजोबांनी चार दिवसांपूर्वीच ठोकली होती. ती ठोकताना आत्याबाईंनी असा सुस्कारा टाकला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटून घर एकदम पुढच्या महिन्यात गेलं.

"पुढे ढकलूया का?" त्यांनी विचारून पाहिलं होतं.

"काय, बाळ?" आजोबा म्हणाले होते. "ते थांबत असेल तर मी थांबतो."

दुपारी फोनवालीला सगळ्यांनी मिळून दिवाणावर आडवं केलं. तिच्याच्याने बसवतही नव्हतं आणि निजवतही नव्हतं. त्यात जोडे आठवडाभर चावत होते. जोडेवाल्यांच्या घरात ही गोष्ट सांगायची सोय नव्हती, कारण सांगायला तोच शब्द लागला असता. फोन उशाशी ठेवून ती समोरच्या कारखान्याच्या दाराकडे बघत राहिली. आजोबा आपल्या खोलीत घोरत होते, इतके जोरात, की खिडकीवर बसायला आलेले कावळे विचार बदलून निघून जात.

पहिला आत गेला तो तिचा नवरा. तो जमिनीचे नकाशे काढायच्या कचेरीत होता. सहा वर्षांपूर्वी त्याने आजोबांना "मी फळीवर बसणार नाही, नकाशे काढणार" असं सांगितलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं फक्त हवामानावर आणि तेही तिसऱ्यामार्फत. "त्याला सांगा, ढग आलेत." "त्यांना सांगा, छत्री घेतलीय." असा हा मनुष्य शर्टात काहीतरी लपवून कारखान्यात शिरला आणि शर्टात काहीतरी लपवूनच बाहेर आला.

"कुठे गेला होतास?"

"पाणी प्यायला."

"कारखान्यात?"

"तिथलं गार असतं." त्याने पट्ट्या बांधलेली तीन बोटं खिशात घातली. आठवडाभर तो ती कंपासच्या टोकाने कापली म्हणून सांगत होता. कंपासने तीन बोटं कापायला माणसाला वर्तुळाबरोबर कुस्ती खेळावी लागेल.

पाचच मिनिटांत आत्याबाई गेल्या. आतून एक बारीक किंकाळी, मग खण उघडल्याचा आवाज, मग पेटीचं झाकण, मग आजोबांचं घोरणं थांबलं, आणि आत्याबाई पदराने कपाळ पुसत धावत बाहेर आल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"काही नाही गं. झुरळ होतं."

"तुम्ही झुरळाला कधीपासून भ्यायला लागलात?"

"मोठं होतं." आत्याबाई जरा थांबल्या. "आणि जरा वाकडं होतं."

साडेचारला सगळे कारखान्यात जमले. कातड्याचा आणि डिंकाचा वास, खिडकीतून फळीवर पडलेलं ऊन, आणि मधोमध लाकडी पेटी. आजोबांनी धुतलेला सदरा घातला होता. काका एकदा भिंतीकडे बघत, एकदा छताकडे. फोनवाली स्टुलावर बसली, फोन मांडीवर.

"सगळे आले?" आजोबांनी विचारलं. "त्याला सांगा, उजेड अडवू नको."

"उजेड अडवू नकोस," काका पुतण्याला म्हणाले. तो आजोबांपासून हातभर अंतरावर उभा होता.

आजोबांनी झाकण उघडलं. आत बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला, परत बघितलं.

काका पुढे वाकले. "बाबा, हे तीन आहेत."

"मला मोजता येतं."

पेटीत तीन पावलं होती. एक उजवं, एक डावं, आणि आणखी एक डावं, आत वळलेलं.

"अगं बाई!" आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं. "सोनोग्राफीत तर दोनच होते, आणि त्यातला एकच वाकडा!"

कारखान्यात अशी शांतता पसरली, की आजोबांच्या छातीतल्या यंत्राला स्वतःचाच आवाज ऐकू येऊन ते लाजलं असावं. सगळ्यांनी त्या छातीकडे बघितलं. काकांनी तर पडलेच तर झेलायला हात पुढे केले.

"कसला वाकडा?" आजोबा म्हणाले.

फोनवाली उठली. असं कुणी तोंडघशी पडलं की काय करायचं, हे या घरात तिलाच माहीत होतं. "आजोबा, बसा. मी सांगते. बाळाचं डावं पाऊल आत वळलंय. दहा दिवसांपूर्वी कळलं. जन्मल्यावर प्लास्टर घालून सरळ करतात. हृदय ठीक आहे, कणा ठीक आहे. एक रिपोर्ट राहिलाय, त्याचा आत्ता फोन येईल. एवढं सगळं आहे, यातलं काही लपवलेलं नाही."

आजोबा बसले. "दुखतंय का त्याला?"

"नाही. त्याला कळतही नाही म्हणतात."

"मग तुम्ही चौघं दहा दिवस कशाला कण्हताय?" आणि एकदम त्यांचा चेहरा लाल झाला. "थांबा! म्हणून घरात कुणी पाय म्हणत नव्हतं?"

काकांनी झेलायला पुढे केलेले हात हळूच मागे घेतले.

"अरे, मला वाटलं माझे कान गेले! बाकी सगळं ऐकू येतं आणि तेवढा एकच शब्द येत नाही, असा कुठला रोग? परवा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याला म्हटलं, कानाशी येऊन 'पाय' म्हण. त्याने म्हटलं. आलं ऐकू. दुसऱ्या कानाशी म्हण. त्याने म्हटलं. त्याच्याकडचे सगळे पेशंट दार उघडून बघायला लागले!"

काकांना हसू फुटलं आणि ते त्यांनी खोकल्यात बुडवलं.

"बाबा, तुमच्या छातीत ते यंत्र..."

"यंत्र मजबूत आहे. तुम्हीच पोकळ आहात. आता हे तीन कसे झाले ते सांगा." त्यांनी उजवं पाऊल उचललं. "हा माझा." सरळ डावं उचललं, नखाने ठोकलं. "हा माझा नाही. हा खणातला, बाजारी. कुणी ठेवला?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "मी आपली नुसतं बघायला पेटी उघडली, तर आत तो वाकडा! मला वाटलं तुम्हाला कुठूनतरी कळलं, म्हणून तुम्हीच केलात, आणि आता सगळ्यांसमोर पोरीच्या काळजाला घरं पडणार. म्हणून खणातला सरळ आणला. वाकडा काढणारच होते, तेवढ्यात तुमचं घोरणं थांबलं."

"आणि माझा सरळ डावा कुठे गेला?"

नवऱ्याने खिशातून सरळ डावं पाऊल काढून मुकाट्याने फळीवर ठेवलं. आता चार झाले.

"आता हे मूल धावत सुटणार," काका पुटपुटले. आत्याबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

आजोबांनी वळलेलं पाऊल हातात घेतलं. उजेडात धरलं, उलटं केलं, अंगठ्याने टाचेवरून, घोट्यावरून, चवड्यावरून फिरवलं. बराच वेळ. मग नातवाच्या तीन पट्ट्यांकडे बघितलं.

"त्याला विचारा, लाकूड कुठलं."

"लाकूड कुठलं रे?" काका म्हणाले.

"आजोबा, मी केलाय," नातू सरळच म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा मधे काका नव्हते. "कचेरीतल्या नकाशे काढायच्या जुन्या फळीचा. दुपारच्या सुट्टीत. सोनोग्राफीच्या चित्रावरून मोजलं. टाच ते चवडा, घोट्याची उंची. वळण कोनमापकाने घेतलं आणि जन्माच्या वेळी केवढं होईल त्या प्रमाणात वाढवलं. एक आधी बिघडला. हा दुसरा."

"आणि माझा का काढलास? माझ्यात काय वाईट होतं?"

"वाईट काहीच नव्हतं." त्याने फळीवरचं सरळ पाऊल आजोबांकडे सरकवलं. "पण तो त्याचा नव्हता, आजोबा."

आणि फोन वाजला.

काकांनी दचकून डिंकाच्या भांड्यात हात घातला. फोनवालीने फोन कानाला लावला आणि तिच्या नकळत कामावरचा आवाज तिच्या तोंडून निघाला. "बोला. ऐकतेय." घरातले चार जण श्वास धरून तिच्याकडे बघत होते. ती पलीकडचं एकेक वाक्य सवयीने पुन्हा म्हणत गेली. "रिपोर्ट आला. हो. सगळं तपासलं. हो... काही नाही निघालं. पुन्हा सांगता का? काही नाही निघालं. म्हणजे फक्त पाऊल. फक्त डावं पाऊल. लिहून घेते." तिच्याकडे ना कागद होता ना पेन्सिल. तिने बोटाने मांडीवर लिहून घेतलं. "आणि डॉक्टर, एक विचारायचं होतं. ते मांजर?"

पलीकडून काहीतरी आलं.

"कपाटावर चढलं होतं ते. तुम्ही पुढे सांगितलंच नाहीत."

ती ऐकत राहिली. "त्याच दिवशी उतरलं? आपणहून? दूध पिऊन झोपलं. बरं झालं. ठेवते."

तिने फोन ठेवला. अकरा वर्षांत आगीचे, पुराचे, लिफ्टमध्ये अडकलेल्या वऱ्हाडांचे हजारो फोन तिने घेतले होते आणि एकदाही रडली नव्हती. आता ती मांजरासाठी रडावं तशी रडली. नवऱ्याने तिला धरलं.

"नुसता पाय," ती म्हणाली. "नुसता पाय आहे."

"पाय!" काका ओरडले. दहा दिवसांचा साठा होता, तो फुटला. "पाय, पायजमा, पायमोजे, पायपुसणं!" डिंकाचा हात त्यांनी आनंदाने आत्याबाईंच्या पाठीवर मारला, आणि तो तिथेच चिकटला. पुढचा काही वेळ बहीणभाऊ जोडीनेच फिरले.

आजोबा मात्र भिंतीपाशी जाऊन उभे होते. त्यांनी काकांची जोडी खुंटीवरून काढली. अरुंद, निमुळती, नाजूक पावलं, एखाद्या राजपुत्राची असावीत अशी. मग काकांच्या पायांकडे बघितलं. ते पाय म्हणजे दोन फावडी होती. त्यांच्यासाठी जोडा करायला एक आख्खी म्हैस पुरली नव्हती, असं बाजारात अजून सांगतात.

"हे तू पोटात असताना केलेले," ते म्हणाले. "आणि हिचे बघा. रुंद, दणकट केले, आणि ही काठीसारखी निघाली. माझ्या बापाने माझे केले, त्यात माझी करंगळीसुद्धा मावायची नाही. सगळे अंदाजाने. जोडा जाऊन बसत नाही यातल्या एकावरही." त्यांनी वळलेलं पाऊल पुन्हा उचललं. "या भिंतीवर माप घेऊन केलेला पाय हा एकच."

नव्या खुंटीला त्यांनी आपलं उजवं पाऊल टांगलं आणि शेजारी नातवाचं डावं. दोन पावलं मागे सरून बघितलं. डावं पाऊल उजव्याकडे वळून त्याच्या कानात काही सांगत असल्यासारखं दिसत होतं.

"टाचेला कानस कमी मारलीस," ते नातवाला म्हणाले. त्यालाच, सरळ. "उद्या ये, दाखवतो. आणि ते पट्टीचे बूट कोण करतं?"

"दवाखान्यातूनच मिळतात, आजोबा. त्यांचं माप ठरलेलं असतं, आपण हात लावायचा नसतो."

"नाही लावत. पण शिलाई बघायला मनाई आहे का?"

"नाही."

"मग मी येणार."

फोनवालीने डोळे पुसले. आता राहिलेलंही सांगून टाकावं असं तिला वाटलं. "आजोबा, माझे पाय सुजलेत. आठवडा झाला, जोडे चावतायत."

"आठवडा?" आजोबा गरकन वळले. "घरात साडेतीन जोडेवाले असताना?"

"अर्धा कोण?" नातवाने विचारलं.

"अजून ठरायचंय." त्यांनी खुंटीवरची मापाची फीत गळ्यात टाकली, बुटकं स्टूल ओढलं आणि गुडघा पुढे करून त्यावर थाप मारली. फोनवाली संकोचली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावर कसा ठेवायचा?

"अगं, अख्ख्या गावाने ठेवलाय इथे," आजोबा म्हणाले. त्यांनी खाली वाकून तिच्या जोड्याचा बंद सोडला. "चल. डावा आधी."